तौबा आणि बंद्यांचे देणे

मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, ज्याला आशुरा म्हणतात त्या दिवशी, भेंडीबाजार आणि डोंगरी या भागांतून काळ्या वस्त्रांतील शिया मुसलमानांचा जो शोकाकुल जुलूस निघतो, त्याची अखेर माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात होते. उंच धरलेले अलम, फुलांनी झाकलेले ताबूत, छातीवर एका ठेक्यात पडणारे शेकडो हात, मध्येच उठणारा मर्सियाचा सूर आणि रस्त्याच्या दुतर्फा सरबत व थंड पाणी वाटणाऱ्या सबिली, हे सारे मुंबईकरांच्या नित्य पाहण्यातले आहे; 2020 साली करोनाच्या साथीत सर्व धर्मांच्या मिरवणुकांना मनाई असताना मुंबई उच्च न्यायालयाने केवळ प्रतीक म्हणून एक ट्रक आणि मोजकी माणसे यांना जी परवानगी दिली, तीही भेंडीबाजारापासून माझगावच्या याच कब्रस्तानापर्यंतची होती. हा जुलूस प्रेषित मुहंमदांचे नातू इमाम हुसैन यांच्या हौतात्म्याच्या शोकाचा, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या शोककथेत हुर नावाचा एक माणूस आहे, आणि इस्लाममधील पश्चात्ताप व ईश्वरी क्षमा यांचे स्वरूप ज्याला समजून घ्यावयाचे आहे, त्याने प्रथम त्याच्याकडे वळावे असे मला वाटते.

हुर इब्न यझीद हा शत्रुपक्षाचा, म्हणजे उमय्यद सत्तेचा, सरदार होता. कुफ्याचा सुभेदार उबैदुल्ला इब्न झियाद याने हजार स्वार देऊन त्याला हुसैन यांची वाट अडवण्यासाठी धाडले होते. वाळवंटात गाठ पडली तेव्हा हुरचे स्वार आणि घोडे तहानेने व्याकूळ झालेले होते, आणि ज्यांना ते कैद करावयास आले होते त्या हुसैन यांनीच आपल्या पखालींतले पाणी माणसांना आणि जनावरांनाही पाजले. नमाजाची वेळ झाली तेव्हा हुर हुसैन यांच्याच मागे उभा राहिला. आणि नमाज आटोपल्यावर, हुकूम तो हुकूम म्हणून, त्यांची परतीची वाट त्याने रोखून धरली. हुसैन यांचा काफिला करबलाच्या माळावर अडकला तो या माणसामुळे. पुढे तीस हजारांची म्हणून सांगितली जाणारी फौज जमली, फुरात नदीचे पाणी बंद झाले, आणि हिजरी 61 च्या मोहरमची दहावी तारीख, म्हणजे इसवी सन 680 चा 10 ऑक्टोबर, उजाडली. त्या सकाळी हुरच्या अंगाला कंप सुटला. शेजारच्या स्वाराने विचारले की, कुफ्यातला सर्वांत शूर कोण असे कोणी पुसले असते तर मी तुझेच नाव घेतले असते, मग ही थरथर कसली? हुरने सांगितले की स्वर्ग आणि नरक यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आपल्यावर आला आहे. मग त्याने घोड्याला टाच दिली, ढाल उलटी धरली आणि तो हुसैन यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. आपल्याच हातून हे सारे घडले आहे, तरीही आपली तौबा, म्हणजे पश्चात्ताप करून माघारी येणे, कबूल होईल काय, एवढेच त्याने विचारले. हुसैन यांनी होय म्हटले. दिवस मावळण्यापूर्वी हुर त्यांच्या बाजूने लढून कामास आला.

मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत इमामवाड्यांमध्ये ज्या मजलिसी होतात, त्यांत जाकीर, म्हणजे कथन करणारा वक्ता, हुरच्या प्रसंगापाशी येतो तेव्हा श्रोत्यांच्या रडण्याचा सूर बदलतो. हुसैन यांच्या तान्ह्या मुलासाठीचे रडणे वेगळे आणि हुरसाठीचे वेगळे. कारण हुरच्या जागी ऐकणारा प्रत्येकजण स्वतःला पाहू शकतो.

याच कथेचे दुसरे, अधिक उदास टोक चार वर्षांनंतरचे आहे. ज्या कुफेकरांनी पत्रांवर पत्रे धाडून हुसैन यांना बोलावले आणि ऐनवेळी घरांची दारे लावून घेतली, त्यांतल्या काहींना आपल्या कृत्यामुळे जगणे अशक्य झाले. वयोवृद्ध सुलेमान इब्न सुरद यांच्या नेतृत्वाखाली ते एकत्र आले. इतिहासात ते ‘तव्वाबीन’, पश्चात्तापदग्धांचे दल, या नावाने ओळखले जातात. इसवी सन 684 च्या अखेरीस ते करबलाला गेले, हुसैन यांच्या कबरीपाशी त्यांनी आक्रोश केला, आणि तेथून उत्तरेकडे जाऊन 685 च्या जानेवारीत ऐन-उल-वर्दा येथे आपल्याहून कितीतरी मोठ्या उमय्यद फौजेशी झुंजून बहुतेक सर्वजण मारले गेले. त्यांच्या शौर्याविषयी शंका नाही. परंतु ज्याचा त्यांनी अपराध केला होता तो माणूस आता कबरीत होता. ‘मी माफ केले’ हे शब्द उच्चारावयाला तो उरला नव्हता. हुरला जे एका सकाळीत मिळाले, ते या हजारो माणसांना प्राण देऊनही कोणाच्या तोंडून ऐकता आले नाही. अपराध ज्याचा केला तो हयात असतानाच त्याच्यापुढे रुजू व्हावे, हा इस्लामी पश्चात्तापविचाराचा गाभा या दोन घटना शेजारी ठेवल्या की उघड होतो. आणि माझ्या समजुतीप्रमाणे तोच त्या विचाराचा सर्वांत कठीण आणि सर्वांत उदात्त भाग आहे.

आता मूळ सिद्धांताकडे वळू. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आदमची कथा येते, आणि तिथेच ईश्वराने त्याला प्रार्थनेचे शब्द शिकवले व त्याची तौबा स्वीकारली असे म्हटले आहे. प्रकरण तिथेच मिटले. आदमच्या अपराधाचा बोजा त्याच्या वंशजांवर वारसाहक्काने येत नाही. प्रत्येक बालक निष्पाप जन्मते, आणि प्रत्येक जीव आपल्याच कृत्यांचा जाब देतो. त्यामुळे मनुष्यजातीच्या उद्धारासाठी कोणी मध्यस्थाने बलिदान करावे अशी गरज इस्लामला भासत नाही. सहाव्या अध्यायात ईश्वराने दया ही स्वतःवर बंधनकारक करून घेतल्याचे सांगितले आहे. एकोणचाळिसाव्या अध्यायात, ज्यांनी स्वतःवरच अत्याचार केले अशा पाप्यांनाही त्याच्या कृपेविषयी निराश होण्याची मनाई केली आहे. निराशा हाच तेथे एक अपराध ठरतो. चौथ्या अध्यायात मात्र एक अट घातलेली आढळते: अजाणतेपणी चूक होऊन जो लवकर माघारी येतो, त्याची तौबा स्वीकारण्याचे ईश्वराने मान्य केले आहे, जो आयुष्यभर तेच करीत राहतो आणि मृत्यू उशाशी आल्यावर ‘आता मी पस्तावलो’ म्हणतो, त्याला हे आश्वासन लागू नाही. दरवाजा विशाल आहे, पण त्याला मुदत आहे.

कुराणाचे 114 अध्याय आहेत आणि त्यांपैकी 113 अध्यायांच्या आरंभी कृपाळू, दयावान ईश्वराचे नाव घेतलेले आहे. ज्या एका अध्यायाला हे मंगलाचरण नाही, तो नववा. आणि त्याचेच नाव ‘तौबा’. युद्ध, करारभंग, ढोंगी लोकांचा निषेध असा त्याचा कठोर विषय आहे, आणि त्या कठोरपणाच्या मध्यभागी तीन माणसांच्या क्षमेचा उल्लेख आलेला आहे. त्यांतल्या कआब इब्न मालिक यांची हकीकत, त्यांनीच वृद्धपणी आपल्या मुलाला सांगितलेली, हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती आणि कृती यांच्या नोंदींच्या, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही मान्यवर संग्रहांत तपशीलवार आली आहे. पश्चात्तापाविषयी शेकडो पृष्ठांचे विवेचन जे सांगू शकत नाही, ते ही एक हकीकत सांगते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे उचित होईल.

हिजरी 9, इसवी सन 630. भर उन्हाळा, खजूर पिकण्याचा हंगाम, बागांतल्या सावल्या हव्याहव्याशा वाटाव्यात असे दिवस. आणि प्रेषितांनी उत्तरेकडे तबूकच्या दूरच्या मोहिमेवर निघण्याचा हुकूम दिला. कआब हे कवी, सुस्थितीतले गृहस्थ; त्या वेळी त्यांच्यापाशी दोन सांडण्या होत्या, आणि तशी सुबत्ता त्यांनी पूर्वी कधी भोगली नव्हती. रोज ते तयारीला म्हणून बाहेर पडत आणि काहीच न करता परत येत. आज नाही तर उद्या निघू, गाठूच आपण फौजेला, असे म्हणता म्हणता फौज दूर गेली. मदिनेच्या रस्त्यांवर आता त्यांना दिसत ते दुबळे, आजारी, किंवा ज्यांच्या निष्ठेविषयी लोक कुजबुजत असे. प्रेषित परतले आणि मशिदीत बसले, तेव्हा मागे राहिलेले ऐंशीहून अधिक लोक एकामागून एक आले, त्यांनी शपथेवर सबबी सांगितल्या, आणि त्या सबबी वरवर मान्य करून त्यांचे अंतरंग प्रेषितांनी ईश्वरावर सोपवले. कआब यांची पाळी आली. वाक्चातुर्य त्यांच्यापाशी होते. आपण मनात आणले असते तर कोणत्याही सत्ताधीशाच्या रागातून बोलून सुटलो असतो, असे त्यांनीच पुढे म्हटले आहे. परंतु त्यांनी सांगितले की मला कसलीही सबब नाही. मी याहून सशक्त आणि सधन कधीच नव्हतो. प्रेषित म्हणाले की हा खरे बोलला. आता ईश्वराचा फैसला होईपर्यंत थांब.

मग पन्नास दिवस मदिनेतला एकही माणूस त्यांच्याशी आणि त्यांच्यासारख्याच खरे बोलणाऱ्या इतर दोघांशी बोलला नाही. ते दोघे वृद्ध घरी बसून रडत राहिले. कआब मात्र बाजारात जात, मशिदीत जात, सलाम करीत आणि प्रेषितांचे ओठ उत्तरासाठी हलले की नाही हे चोरून पाहत. एके दिवशी हे असह्य होऊन ते आपला चुलतभाऊ आणि जिवलग अबू कतादा याच्या बागेच्या भिंतीवर चढले आणि त्यांनी सलाम केला. उत्तर नाही. मी ईश्वरावर आणि त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो हे तुला ठाऊक नाही काय, असे त्यांनी शपथ घालून तीनदा विचारले. तेव्हा ईश्वर आणि त्याचा प्रेषितच जाणे, एवढेच अबू कतादा बोलला. कआब यांचे डोळे भरून आले आणि ते भिंत उतरून परतले. त्याच सुमारास घस्सानच्या राजाचे पत्र आले: तुमच्या धन्याने तुमची उपेक्षा केली असे ऐकतो, आमच्याकडे या, आम्ही तुमचा मान राखू. कआब यांनी ते पत्र भट्टीत टाकले. चाळीस दिवस झाल्यावर पत्नीपासूनही दूर राहण्याचा निरोप आला. पन्नासाव्या पहाटे नमाज आटोपून ते घराच्या गच्चीवर बसले असताना सलअ नावाच्या टेकडीवरून कोणीतरी उच्च स्वरात त्यांना क्षमेची आनंदवार्ता पुकारली. ती वार्ता सांगावयास जो पहिला पोहोचला, त्याला त्यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे उतरून दिली. देण्यासारखे दुसरे काही त्या क्षणी जवळ नव्हते, म्हणून स्वतः उसनी वस्त्रे नेसून ते मशिदीकडे धावले.

या हकीकतीत लक्षात घेण्याजोगे हे की, सबबी सांगणारे ऐंशी जण त्याच दिवशी सुटले आणि खरे बोलणाऱ्यांना शिक्षा झाली; आणि तरीही नवव्या अध्यायात सन्मानाने क्षमा लाभली ती त्या तिघांनाच. खोट्या सबबीला मिळालेली माफी ही माफीच नव्हती. अपराध आपला आहे हे मान्य केल्याखेरीज क्षमेला हात घालावयाला जागाच उरत नाही, हे मानसशास्त्र सातव्या शतकातल्या एका वाळवंटी नगराने किती नेमके ओळखले होते!

पुढच्या शतकांत विद्वानांनी तौबेच्या अटी निश्चित केल्या. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे अनुयायी आहेत, त्या पंथाचे तेराव्या शतकातले थोर आचार्य इमाम नववी यांनी त्या फार स्वच्छपणे मांडल्या आहेत: पाप तत्काळ थांबवावे, केल्याची खंत वाटावी, पुन्हा न करण्याचा निश्चय असावा, आणि अपराध ईश्वराचा नसून माणसाचा असेल तर या तिहींखेरीज चौथी अट, ज्याचे जे असेल ते त्याला परत करावे. त्यांच्या आधी, 1111 मध्ये निवर्तलेल्या इमाम गझाली यांनी आपल्या ‘इह्या’ या महाग्रंथाच्या अखेरच्या चतुर्थांशाचा आरंभच तौबेपासून केला, कारण सूफी साधकाच्या वाटचालीतले ते पहिले ठिकाण मानले जाते. शिया परंपरेत इमाम हुसैन यांचे वडील हजरत अली यांच्या वचनांचा जो ‘नहजुल बलागा’ हा संग्रह आहे, त्यात क्षमायाचनेच्या सहा अटी येतात. कोणीतरी त्यांच्यासमोर सहजपणे क्षमायाचनेचा शब्द उच्चारला, तेव्हा त्यांनी त्याला फटकारून, खंत आणि निश्चय यांच्या जोडीला लोकांचे हक्क चुकते करणे, राहिलेली कर्तव्ये भरून काढणे, हरामाच्या अन्नावर पोसलेले मांस दुःखाने झिजवणे आणि ज्या शरीराने पापाची गोडी चाखली त्याला आज्ञापालनाचे कष्ट चाखवणे, हे सारे सांगितले. गुरुवारी रात्री इमामवाड्यांत सामुदायिकपणे म्हटली जाणारी ‘दुआ-ए-कुमैल’ हजरत अलींनीच आपल्या शिष्याला शिकवली असे मानतात, आणि तिचा विषयही हाच आहे.

आता इतर धर्मांतल्या रीतींशी याची तुलना करून पाहू. माझगावच्या इतिहासात पोर्तुगीज अमलात 1632 मध्ये उभारलेले ग्लोरिया चर्च प्रसिद्ध आहे. आज ते भायखळ्याच्या नव्या इमारतीत आहे. तेथे कॅथलिक श्रद्धाळू धर्मगुरूपुढे पापांचा उच्चार करतो आणि धर्मगुरू त्याला ईश्वराच्या वतीने मुक्त करतो. आपल्या धर्मशास्त्रात याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्ताध्याय म्हणून ओळखला जातो, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा जो विशाल पसारा मांडला आहे, त्यात परिषद भरवून विद्वान ब्राह्मणांनी पातक्याला प्रायश्चित्त सांगण्याची रीत वर्णिली आहे. इस्लाममध्ये पाप ऐकून घेणारा असा कोणी अधिकारी नाही. मौलवी मार्ग सांगेल. माफी देण्याचा हक्क त्याला नाही. एवढेच नव्हे, तर रात्री केलेले पाप ईश्वराने झाकून ठेवले असता सकाळी उठून स्वतःच ते चारचौघांत सांगत सुटणे, हेही प्रेषितांनी निंद्य मानले आहे. ठरावीक चुकांसाठी ‘कफ्फारा’ आहे: शपथ मोडल्यास दहा गरिबांना जेवण किंवा वस्त्र, ते न जमल्यास तीन रोजे, रमजानचा रोजा जाणूनबुजून मोडल्यास, हनफी आचार्यांच्या मते, साठ दिवसांचे सलग रोजे, आणि तेही न झेपल्यास साठ गरिबांना जेवण. येथेही प्रायश्चित्ताचा ओघ पुन्हा गरिबाच्या ताटाकडेच वळतो.

दयेच्या विस्ताराविषयी जी हदीस सर्वत्र सांगितली जाते, ती नव्याण्णव खून केलेल्या माणसाची. त्याने एका संन्याशाला विचारले की माझी तौबा होईल का. संन्याशाने नाही म्हणताच त्यालाही मारून त्याने शंभर पुरे केले. मग एका ज्ञात्याने सांगितले की होईल, मात्र हा दुष्ट गाव सोड आणि अमुक गावी जा, जिथले लोक ईश्वराला भजतात. वाटेतच त्याला मरण आले. दयेचे दूत आणि शिक्षेचे दूत त्याच्यावर हक्क सांगू लागले, तेव्हा दोन्ही गावांचे अंतर मोजण्याचे ठरले, आणि तो सज्जनांच्या गावाला एक वीतभर जवळ भरला. शंभर माणसांच्या खुनाला वीतभर जमीन पुरली हे ऐकून न्यायप्रिय मनाला धक्का बसणे स्वाभाविक आहे. त्या शंभरांच्या देण्याचे काय, हा प्रश्न भाष्यकारांनाही पडला, आणि खऱ्या पस्तावलेल्याच्या वतीने मृतांची भरपाई ईश्वर आपल्या खजिन्यातून करील, असे उत्तर त्यांतल्या काहींनी दिले. म्हणजे दयेच्या या परमावधीच्या कथेतही मृतांचे देणे बुडाले असे म्हणण्यास ते धजावले नाहीत.

हेच ते ‘हुकूक-उल-इबाद’, बंद्यांचे हक्क. ईश्वराचा बंदा म्हणजे माणूस. नमाज चुकला, रोजा मोडला, हे ईश्वराचे देणे. ते त्याचे त्याने माफ करावे, आणि तो उदार आहे. परंतु शेजाऱ्याची जमीन दाबली, मजुराची मजुरी बुडवली, कोणाची अब्रू घेतली, तर ते देणे ईश्वर परस्पर माफ करीत नाही. ज्याचे आहे त्यानेच ते सोडले पाहिजे. प्रेषितांनी एकदा सोबत्यांना विचारले की दिवाळखोर कोणाला म्हणावे. ज्याच्यापाशी पैसा-अडका नाही त्याला, असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी सांगितले की, नमाज, रोजे आणि जकात यांचे डोंगर घेऊन जो निवाड्याच्या दिवशी येईल, पण ज्याने कोणाला शिवी दिली, कोणाचे खाल्ले, कोणाला मारले असेल, आणि ज्याची सारी पुण्ये त्या फिर्यादींना वाटून संपल्यावर त्यांची पापे याच्या माथी येतील, तो खरा दिवाळखोर. सावकाराच्या चोपडीतली बाकी देवळात नारळ फोडून फिटत नाही, हे ज्या मराठी माणसाला कळते त्याला हा सिद्धांत परका वाटू नये.

माझगावच्या नारियलवाडी कब्रस्तानात शब-ए-बरातच्या रात्री, म्हणजे शाबान महिन्याच्या चौदाव्या दिवसानंतरच्या रात्री, सुन्नी मुसलमानांची रीघ लागते. कबरींवर पाणी शिंपडून माती बसवतात, सब्जाच्या काड्या आणि गुलाबाच्या पाकळ्या घालतात, अगरबत्त्या खोचतात. मुले वडिलांचे बोट धरून आजोबांची कबर कोणती ते शिकतात, आणि फातिहा म्हणून झाल्यावर लोक मरहूमांच्या मगफिरतीसाठी, म्हणजे त्यांच्या पापक्षमेसाठी, हात पसरतात. शिया समाजात हीच तिथी बाराव्या इमामांचा जन्मदिवस म्हणून साजरी होते. या रात्रीच्या रोषणाईला आणि हलव्याला शास्त्राधार नाही म्हणून आक्षेप घेणारे आलिमही आहेत, आणि त्यांचे म्हणणे मनाच्या शुद्धीसाठीच आहे. पण या रात्रीविषयी जी हदीस सांगतात तिच्या एका तपशिलाकडे दोन्ही पक्षांनी बोट दाखवलेले आहे: त्या रात्री ईश्वर साऱ्यांना क्षमा करतो, मात्र त्याच्याशी दुसऱ्याला भागीदार मानणारा आणि मनात कोणाविषयी दावा धरून बसलेला, या दोघांना वगळून. म्हणूनच त्या रात्रीआधी नातलग आणि ओळखीपाळखीचे एकमेकांना ‘कहासुना माफ करना’ म्हणतात. पूर्वी हे घरोघर जाऊन होई. आता पुष्कळसे मोबाईलवरच्या एका ठरावीक संदेशाने होते. एकच मजकूर दोनशे जणांना पाठवून ज्याच्याशी खरोखर अबोला आहे त्या एकाला वगळले जात असेल, तर त्या प्रथेचा प्राणच हरवला, असे म्हणणे भाग आहे.

हजला निघतानाही हेच. मुंबई हे हजयात्रेचे मोठे बंदर होते. मोगल लाइन कंपनीच्या जहाजांतून भारताच्या कानाकोपऱ्यांतले यात्रेकरू येथून जिद्दाला जात, आणि ही समुद्रयात्रा 1995 पर्यंत चालू होती. परत येऊ न येऊ अशा त्या काळात हाजी निघण्यापूर्वी गावभर फिरे, उसने फेडी, अमानती परत करी, भावकीतले तंटे मिटवी, आणि बोलल्याचालल्याची माफी मागे. रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या कोकणी मुसलमान गावांत ही चाल आजही जिवंत आहे. यथासांग हज करून परतलेला माणूस नुकत्याच जन्मलेल्या बालकासारखा निष्पाप होतो, अशी हदीस आहे. तरीही कर्ज आणि परक्याचा हक्क अरफातच्या मैदानावर धुतले जात नाहीत, हे शास्त्रकारांनी बजावून ठेवले आहे.

कर्जाच्या बाबतीत तर प्रेषितांची कठोरता विस्मयकारक होती. एकदा एक जनाजा नमाजासाठी आणला गेला. याने काही मागे ठेवले आहे का, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. याच्यावर काही कर्ज आहे का, असे विचारल्यावर तीन दिनार असल्याचे कळले. तेव्हा ते म्हणाले की तुम्हीच आपल्या सोबत्याचा नमाज पढा. त्या वेळी जो माणूस पुढे झाला आणि हे तीन दिनार माझ्यावर, तुम्ही नमाज पढा, असे म्हणाला, तो अबू कतादा. कआब यांच्या सलामाला ज्याने भिंतीआडून उत्तर दिले नव्हते तोच. मगच प्रेषितांनी नमाज पढला. पुढे राज्याची प्राप्ती वाढली तेव्हा, जो श्रद्धावान कर्ज ठेवून मरेल त्याचे कर्ज माझ्याकडे आणि मालमत्ता ठेवून मरेल त्याची मालमत्ता त्याच्या वारसांकडे, असे त्यांनी जाहीर केले.

आजही जनाजाच्या नमाजापूर्वी मयताचा मुलगा किंवा भाऊ नमाजाच्या रांगेपुढे उभा राहून सांगतो की मरहूमांकडे कोणाचे काही येणे असेल तर त्याने आम्हांला भेटावे, अथवा ईश्वरासाठी माफ करावे. हा केवळ शिष्टाचार नाही. कुराणाच्या चौथ्या अध्यायात वारसांचे हिस्से ठरवताना, मृत्युपत्र आणि कर्ज यांची फेड झाल्यावर, ही अट पुन्हा पुन्हा घातलेली आहे; आणि मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे आधी दफनाचा खर्च, नंतर कर्ज, नंतर उरलेल्याच्या एकतृतीयांशापर्यंत मृत्युपत्र, आणि मग वारसांच्या वाटण्या, असा क्रम लागतो. मृत्युपत्रात कितीही पुण्यकार्ये लिहून ठेवली असली, तरी ती कर्जानंतरच येतात. वाण्याची उधारी बाकी ठेवून मशिदीला देणगी देता येत नाही.